दोनदा वितळणारा पदार्थ

(१९५३. कोल्हापुरातल्या एका कॉलेजची रसायनशाळा. रविवारची दुपार. दार सताड उघडं.)

विमला : म्हणजे गुंडू खाटकाच्या दुकानात तुम्हीच होता.

नृसिंह : मीच.

विमला : हातात डबा घेऊन.

नृसिंह : कडीचा. दर रविवारी असतो.

विमला : निदान एकदा तरी नाकारून बघायचंत. कागलहून येताना मोटारीत मी तुमच्या वतीनं चांगली चार उत्तरं तयार केली होती. एकाचाही उपयोग ठेवला नाहीत.

नृसिंह : पण मी होतो तिथे, विमलाबाई.

विमला : आमचे तात्या वकील आहेत. साक्षीदार मिळाला की त्यांना बाकी काही लागत नाही. त्यांचा एक पक्षकार ओसरीवर बसून सांगून गेला, की तुमचा होणारा जावई, देशस्थाचा मुलगा, कॉलेजात प्रोफेसर, बकऱ्याची वीस भेजी घेऊन गेला. आणि घरात माणूस एकटा.

नृसिंह : वीस नव्हती. त्या दिवशी बाराच मिळाली.

विमला : हे तात्यांसमोर म्हणू नका.

नृसिंह : त्यांनी नकार कळवला का?

विमला : उद्या कळवणार. म्हणून मी आज आले. घरी सांगितलंय, शिवणाच्या वर्गासाठी सुया आणायला जाते. माझं वय तुम्हाला माहीत आहे, तुमचं मला माहीत आहे. लाजत बसायचं वय दोघांचंही राहिलेलं नाही. सरळ सांगा. तुम्ही खाता?

नृसिंह : नाही. डबासुद्धा नाकाला रुमाल लावून उघडतो.

विमला : मग करता काय त्याचं?

नृसिंह : प्लास्टरमध्ये कालवून वाळवतो. मग अॅसिटोनमध्ये...

विमला : मला कळेल असं.

नृसिंह : मेंदूत मेणासारखा एक पांढरा पदार्थ असतो. कोलेस्टेरॉल. तो मला हवा असतो. विलायतेहून मागवायचा तर परमिट, आणि परमिट येईपर्यंत वर्ष जातं. गुंडूकडे ताजा मिळतो. त्याच्यापासून मी दुसरे पदार्थ करतो. त्यातले काही दोनदा वितळतात.

विमला : दोनदा?

नृसिंह : तापवलं की आधी पातळ होतं, पण गढूळ. वाहतं, तरी आत कण शिस्तीत उभे असतात. आणखी तापवलं की शिस्त मोडते आणि ते पाण्यासारखं स्वच्छ होतं. मधल्या अवस्थेला द्रवस्फटिक म्हणतात. शोध माझा नाही. जर्मनीत साठ वर्षांपूर्वीच ठाऊक होतं.

विमला : मग तुमचं काय त्यात?

नृसिंह : मुंबईच्या परीक्षकांच्या मते काहीच नाही. त्यांनी माझा प्रबंध परत पाठवला. शुद्ध पदार्थ एकदाच वितळतो, तुमचा दोनदा वितळतो, त्याअर्थी आधी पदार्थ नीट धुवायला शिका.

विमला : धुतलात?

नृसिंह : दहा वर्षं धुतोय.

विमला : आणि ही अशी हसायची सवय किती वर्षांची?

नृसिंह : हसलो का मी? इथे कोणी बघत नाही, त्यामुळे कळत नाही.

विमला : सांगा पुढे. मोटार पाचची आहे.

नृसिंह : या कणांना डावं-उजवं असतं. तुमचे दोन हात बघा. बोटं तीच, अंगठा तोच, पण डाव्यावर उजवा ठेवला तर...

विमला : हात नको. बाही घ्या. चोळीची उजवी बाही डाव्या खांद्याला लावली की पुढे चोळामोळा होतो. माझ्या वर्गातल्या पोरी दर वर्षी दोन्ही बाह्या उजव्याच कापून ठेवतात आणि मग माझ्याकडे रडत येतात.

नृसिंह : बाही. मला सुचलं नव्हतं हे.

विमला : तुम्हाला शिवणाचा वर्ग नाही.

नृसिंह : तर या डाव्या-उजव्यामुळे कणांचे थर सरळ बसत नाहीत. प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित वळलेला. दोरीला पीळ असतो तसा. पीळ जसा घट्ट-सैल होईल तसा रंग बदलतो. मी एक उजव्या पिळाचा आणि एक डाव्या पिळाचा पदार्थ एकत्र केलाय. ठरावीक उष्णतेला दोघांचे पीळ एकमेकांना खोडून काढतात आणि रंग जातो.

विमला : लग्नच लावलंत म्हणा की. रंग परत येतो का पुढे?

नृसिंह : येतो. उलट्या पिळाचा.

गुंडू : मास्तर, हाईसा का आत? आज दुकानात आला न्हाईसा, म्हून मीच आनलं. आरं, पावणं बसल्यात वाटतं.

नृसिंह : ये गुंडू. डबा त्या कोपऱ्यात ठेव. या कागलच्या विमलाबाई.

गुंडू : वकिलांच्या व्हय? बाई, म्या तुमच्या वडलास्नी भेटून आलोय की. गेल्या बाजारी बकरी बघाय कागलला गेलतो, तवा.

विमला : तुम्ही? तात्यांना?

गुंडू : तर वो. पेठंत समद्यास्नी ठावं झालं, भेज्यापायी मास्तरांचं लगीन मोडाय लागलंय. माझं गिऱ्हाईक, मग म्याच नगं का बोलाय? वकिलास्नी म्हनलं, साहेब, देवाशपत सांगतो, ह्यो मानूस तोंडाला लावत न्हाय.

विमला : मग तात्या काय म्हणाले?

गुंडू : म्हनलं, मग करतो काय? म्या हाय ते सांगितलं. उकळतो, गाळतो, पांढरी राख करून बाटलीत भरतो. आन् अंधार करून एकलाच बघत बसतो.

विमला : अरे देवा. तरीच.

नृसिंह : काय झालं?

विमला : आतापर्यंत तुम्ही नुसते मटण खाणारे होता. ते निदान चारचौघांत सांगता येण्यासारखं. गुंडूभाऊंच्या साक्षीनंतर आईनं माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. तात्या भानामती हा शब्द उच्चारत नाहीत, पण पत्रिका तेव्हापासून देवघरातून काढून कपाटात ठेवलीय.

गुंडू : म्या चांगलंच सांगाय गेलतो, बाई.

विमला : ते कळलं मला. बसा. उन्हातून आलात.

नृसिंह : राख नाही ती. स्फटिक आहेत.

विमला : ते मी सांगेन तात्यांना. पण मला बघू द्या तरी. न बघता कशाची बाजू मांडू?

नृसिंह : बघणार? खरंच? मग एक कराल का? मी भिंगातून पाहतो. रंग नेमका कधी गेला ते भिंगातच दिसतं, आणि उष्णता या थर्मामीटरवर. डोळा काढून इकडे बघेपर्यंत आकडा पुढे गेलेला असतो. एकट्याला जमतच नाही हे. विद्यार्थी रविवारी थांबत नाहीत.

विमला : म्हणजे मी आकडे वाचायचे.

नृसिंह : आधी एकदा तुम्ही भिंगात बघा. हा, असा एक डोळा मिटून.

विमला : अगंबाई. मोराच्या मानेसारखं आहे हे. बकऱ्याच्या डोक्यात हे होतं?

गुंडू : म्या रोज फोडतो, मला कंदी दिसलं न्हाय.

नृसिंह : आता मी बसतो. मिश्रणाच्या काचेखाली दिवा सारतो. वाचा.

विमला : एकोणपन्नास. पन्नास. रंग कुठला आता?

नृसिंह : पिवळा. लाल होतोय. वाचत राहा.

विमला : एक्कावन्न. बावन्न.

नृसिंह : गेला. इथेच. बावन्न?

विमला : बावन्न. रेघेवर.

नृसिंह : आणि हा परत येतोय, लाल. विमलाबाई, दहा वर्षांत पहिल्यांदा हा आकडा मला मिळाला. आता गार होताना परत त्याच आकड्याला गेला पाहिजे. एवढं जुळलं तर अशुद्ध म्हणायची कुणाची टाप नाही. अजून जरा चढू देतो, मग दिवा काढतो.

विमला : अशा आनंदात माणूस बरा दिसतो. सत्तावन्न. ऐका, मी काय म्हणते. तात्यांना मी बघून घेईन. डबा मागच्या दारानं येऊ दे, वाळवणं परसात करा, माझी काही हरकत नाही. छप्पन्न. वाटलं तर रविवारी आकडे वाचायलाही बसेन.

नृसिंह : हं.

विमला : पण मला एक पक्कं सांगा. बाकीचे सहा दिवस मी त्या घरात कुणाशी बोलायचं?

नृसिंह : बरं.

विमला : बरं काय?

नृसिंह : पिवळा आला. आकडा?

विमला : पंचावन्न. मी काही फार मागत नाही. रोज संध्याकाळी घरी याल का, एवढंच. हो म्हणा, मी आज रात्रीच तात्यांशी बोलते. नाही म्हणालात तरी चालेल, पण माझ्याकडे बघून म्हणा.

नृसिंह : हं, हं. पुढे.

विमला : चोपन्न. ऐकताय ना?

नृसिंह : लाल होतोय. किती सुरेख उतरतंय.

विमला : चोपन्नच आहे अजून. मी निघते.

नृसिंह : बरं, बरं.

विमला : गुंडूभाऊ, यांना उठवू नका. उठायचे तेव्हा उठतील. येते मी.

गुंडू : बाई, पानी तरी... आरं.

नृसिंह : थोडाच राहिला. थोडाच. गेला. आकडा सांगा. विमलाबाई, आकडा.

गुंडू : त्या गेल्या, मास्तर.

नृसिंह : कुठे?

गुंडू : मोटारीला. तुमास्नी सांगून गेल्या. तुमी बरं म्हनलासा.

नृसिंह : मी?

गुंडू : दोनदा म्हनलासा.

नृसिंह : त्या काही विचारत होत्या. मी ऐकत होतो, गुंडू. काय विचारत होत्या?

गुंडू : सांजचं घरला येशीला का, म्हून. पळा की आता. मोटार पाचला सुटती. स्टँडवर गाठशीला.

नृसिंह : हो. जातो. कोट कुठे गेला माझा? ही काच गार होतेय, एकदा गोठली की परत तापवताना... एकदाच तापवून पुन्हा उतरवायचंय. पाच मिनिटं. मग जातो.

गुंडू : मोटार थांबाय न्हाय, मास्तर.

नृसिंह : ठाऊक आहे.

गुंडू : मग?

नृसिंह : गुंडू, तुला आकडे वाचता येतात का?

गुंडू : न्हाय. पर बसतो की जरा.