बर्फगाडीचं रडणं

नाही हो, गाडीत भूत नाही! गाडीत नाही! किती वेळा सांगू? अख्ख्या चाळीत बोंब, काय तर म्हणे रखमाची सून भुताची गाडी चालवते! आधी ऐकावं, मग तोंड उघडावं, एवढं साधं जमत नाही लोकांना.

तुम्हाला सांगते, आमची गिरणी पाडून मॉल बांधला, बांधला ना? त्या मॉलात तळाला, जिथं माझं वायंडिंग खातं होतं, सूत कोनावर गुंडाळायचं, बरोब्बर तिथं... हसू नका हं... बर्फ! खराखुरा, यंत्रानं पाडलेला! बाहेर परळ घामानं निथळतंय आणि आत माणसं तिकीट काढून कुडकुडतायत! आणि त्या बर्फावर एक गाडी. पुढं होडीसारख्या दोन पट्ट्या, मागं रस्त्यावरच्या गाडीसारखी चाकं नाहीत, दात्यांचा रुंद रबरी पट्टा गरगर फिरतो. ती चालवते माझी सून, नलू. मुलगा गेल्यापासून आमची चूल तिच्याच पगारावर.

तर दसऱ्यानंतर ही गाडी रडायला लागली. पट्टा फिरला की खट्ट... खट्ट... आणि ब्रेक दाबला की हूऽऽऽ! लांबलचक, बाई रडावी तसं, पार छताला जाऊन परत येणारं! मागं बसलेली गिऱ्हाईकं चालत्या गाडीतून उड्या मारायला लागली. तिथला वॉचमन कोंडीराम, मालवणचा, तो नलूच्या कानाशी लागला, "वयनी, संपात मेलेली गिरणीची माणसां ती! कामार इली!" झालं! पोरीची झोप उडाली.

मी म्हटलं, कसलं भूत? बेअरिंग सुकलंय, तेल घाल! आता गिरणीत काय होतं, यंत्र रडलं की तेल, कुरकुरलं की तेल, मुकादम ओरडला तरी तेल! नलूनं घातलं बिचारीनं. ते तेल गेलं ब्रेकच्या चकतीवर, ब्रेक लागेना, आणि गाडी सुळ्ळकन गेली ती थेट प्लास्टरच्या पेंग्विनवर! चोचच गेली त्याची! मॅनेजर आला धावत, "नलू मॅडम, रविवारपर्यंत आवाज बंद, नाहीतर राइड बंद. आणि राइड बंद तर तुम्हीपण..."

घरी बसून औषध सांगितलं ना मी! आधी ऐकावं, मग तोंड उघडावं... मलाही लागू आहे हो ते!

गेले मग. संपाला बाहेर पडले त्यानंतर गिरणीच्या त्या फाटकातून पहिल्यांदा; फाटक तेवढं जुनंच ठेवलंय. मॉल उघडायचा होता अजून. आत निळा उजेड, माणूस नाही, स्वतःचा श्वास पांढरा होऊन तोंडापुढं लोंबकळतोय. मी म्हटलं, गाडीचं बूड उचला, पट्टा हळू फिरवा, कुणी बोलू नका. खट्ट... खट्ट... फेऱ्याला एकदाच. एकदाच वाजतं म्हणजे खोट एकाच जागी! नलूनं हात घातला, तर पट्ट्याच्या आत काय? करवंटीचा तुकडा! त्याला गुंडाळलेला झेंडूच्या माळेचा दोरा!

"कोंडीरामऽऽ!"

"मावशे, दसऱ्याची पूजा केलंय गो! आपण गिरणीत दर दसऱ्याक साच्यार नारळ फोडूक नाय?"

बरं, एक फोडून थांबलाय का? गाडी रडली की आणखी एक! ब्रेकच्या चकतीला पूजेपासूनच तेलात कालवलेला शेंदूर, जास्त रडली की वर आणखी थर! वरून माझं तेल! ती रडेल नाही तर काय करेल? चकती घासली, पॅड नवे टाकले, करवंटी काढली. नलूनं फेरी मारली. पट्टा गप्प. ब्रेक गप्प. मॅनेजरनं टाळ्या वाजवल्या. नलूनं इंजिन बंद केलं.

आणि मग... खट्ट.

इंजिन बंद हो! पट्टा स्थिर! आणि बर्फाखालून खट्ट, खट्टखट्ट, मग शंभर जागांहून, मग सगळं मिळून ते घूंऽऽऽ... पायाखालची जमीन थरथरायला लागली. मॅनेजर म्हणतो, "ए... एसी असेल." नलूनं माझा दंड धरला, "आई, वरून काहीतरी पडतंय." बर्फाचं यंत्र बंद होतं. मी हात पुढं केला. पांढरं, हलकं, तळव्यावर येऊन बसलं... वितळेना. कापूस होता.

आधी ऐकावं. ऐकलं मी. आमचं वायंडिंग होतं. भरलेलं खातं, पूर्ण पाळी.

भीती? छे! अशी तिडीक गेली डोक्यात! अहो, संप मागे घेतलाय का कुणी? आजपर्यंत? मग ह्या बाया कामावर कशा? मी कमरेवर हात ठेवून ओरडले, "कोण गं आत? कुणाला विचारून साचे सुरू केलेत? संप चालू आहे! बंद करा!"

एकेक करत थांबले सगळे. एकच रेंगाळला, कोपऱ्यातला. ओळखला मी. बकुळा. संपाच्या दुसऱ्या पावसाळ्यात गेली, औषधाविना. हातातला कोन भरल्याशिवाय उठायचीच नाही कधी.

"बकुळे," मी म्हटलं, "राहू दे गं. पुरे."

थांबला.

नलूची नोकरी राहिली. पण दुसऱ्या दिवशी, पहिल्या पाळीच्या वेळेला, पुन्हा घूंऽऽऽ! मॅनेजर दारात हजर, हात जोडून, "मावशी, रोज सकाळी येऊन एवढं... ओरडाल का?" नाही कसं म्हणू? नलूची गाडी चालायला हवी ना! आता गळ्यात फोटोचं कार्ड, अंगात फुगीर कोट, रोज भल्या पहाटे त्याच फाटकातून आत. मेलेल्या बाया माझ्या शब्दाखातर संपावर, आणि अख्ख्या गिरणीत कामावर रुजू झालेली एकटी कोण?

मी!