गच्चीवर वाळवलेला सोडालाइम

रत्नागिरीत मी भूल द्यायला जायचो, तेव्हाचं सांगतो. दोन हजारच्या आसपासचं असेल. भूल दिलेल्या पेशंटच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषायला मशीनच्या डब्यात सोडालाइमचे पांढरे दाणे घालतात. जांभळे झाले की फेकायचे. इतकं सोपं.

एका सकाळी नर्सिंग होमच्या गच्चीवर गेलो, तर कोकमांच्या शेजारी सुपात हे दाणे वाळत घातलेले! आणि कावळे हाकायला काठी घेऊन कोण बसलंय? पावसचे बागायतदार भाऊकाका. तासाभरात आम्ही त्यांचंच पित्ताशय काढणार होतो.

"काका, हे काय?"

"सिस्टरनी राखायला सांगितलंनी. उपाशी बसून तरी काय करू?"

थिएटरच्या सिस्टर सुमनताई मागेच होत्या. "फेकायचे कशाला, डॉक्टर? उन्हात घातले की बघा, परत पांढरेशुभ्र!"

मी मूठभर दाणे उचलून त्यांच्यापुढे धरले. "अहो, उन्हाने नुसता रंग उडतो! दाणे संपले ते संपलेच. हे डब्यात घातले असते, तर काकांना स्वतःचाच सोडलेला वायू परत परत ओढावा लागला असता."

काकांनी काठी खाली ठेवली. "म्हणजे मी माझ्याच मरणाची राखण करत होतो?"

तेवढ्यात पेशंटला शोधत आमचे सर्जन जिना चढून आले. साठी उलटलेली, केस कालच काळेभोर केलेले, आणि धाप अशी लागलेली की बोलता येईना.

सुमनताईंनी त्यांना नीट न्याहाळलं आणि दाणे कचऱ्याच्या बादलीत ओतले. "कळलं, डॉक्टर. रंग परत आला म्हणून दम परत येत नाही."

काका माझ्या कानाशी आले. "मला कापणार ते हेच ना?"