रुपया काय मी ढकलला?

...आणि वर मलाच विचारतात, 'धनेश, रोकड कुठे गेली?' अहो, जाईल कुठे? इथेच आहे पनवेलच्या बँकेत, या आणि बघा! तुम्हाला सांगतो, तळोज्याच्या आमच्या पंपाच्या कारखान्यात कच्चा माल, पगार, वीजबिल सगळं भागवून जे हातात उरतं ना, ते यंदा वाढलंय. मी अकाउंट्सचा माणूस, एकेका गिऱ्हाइकाच्या दारात ठाण मांडून उधारी वसूल केली. पण कंपनीचे मालक जर्मनीत, ते हिशेब लावतात युरोत, आणि नेमका रुपया घसरला. झालं, इथे वाढलेली रोकड तिथल्या कागदावर घटली. आता तुम्हीच सांगा, रुपया काय मी ढकलला?

मालकांचा तिकडचा साहेब, मार्टिन, दर सोमवारी सुतकी चेहरा करून व्हिडिओवर येतो. "धनेश, कामगिरी खालावली." म्हटलं, साहेब, रुपयात बघा, वाढलीय. "आम्ही रुपयात बघत नाही." अरे, मग इथे उरण नाक्यावर बांगडा काय युरोत मिळतो? ...म्हणजे हे मी माइक बंद करून म्हटलं. त्यात पंपाची बेअरिंगं येतात तिकडूनच, ती महागली. म्हणजे आता इथेही खरोखरच कमी उरायला लागलं, आणि त्याचाही जाब मलाच.

इकडे काळूराम. आमचा सगळ्यात जुना फिटर, जासईचा. पोरीची, मनस्वीची, हळद ठरलेली, आणि आगऱ्यांकडे लग्न एकवेळ आटोपशीर चालेल, पण हळदीला अख्खा गाव जेवला पाहिजे. सगळी भिस्त बोनसवर, आणि बोनस अडकलेला मार्टिनच्या सहीत. हा रोज माझ्या दारात. "सायेब, बोनस कंदी?" म्हटलं, काळूराम, रुपया पडलाय रे. "मंग तवा तुमी काय करत व्हते?" घ्या! रुपया काय मी ढकलला?

तेवढ्यात मार्टिनला अक्कल सुचली. "रुपया आणखी पडायच्या आत सगळी रोकड डिव्हिडंड म्हणून इकडे पाठव." म्हटलं, आणि बोनस? "नंतर बघू." पाठवली. मालकच ते, मी कोण नाही म्हणणारा? बोनसची तारीख आली तेव्हा खात्यात खडखडाट. काळूराम आला, पत्रिका टेबलावर ठेवली, "सायेब, यायचं हां" म्हणाला आणि कामावर परत गेला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो... मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

लावला फोन मार्टिनला. म्हटलं, साहेब, माणसांच्या हक्काचे पैसे आहेत. तर म्हणतो, "एवढंच ना? आम्ही देतो." क्षणभर वाटलं, काय देवमाणूस! मग कागद आले. कर्जाचे. आमचीच रोकड, आम्हालाच उसनी, व्याजासकट आणि युरोत. म्हणजे इथे रुपया घसरला की तिथे आमचं कर्ज फुगणार. कळत होतं मला सगळं. पण हळद आली होती तोंडावर, केली सही.

हळद दणक्यात झाली. गाव जेवलं, काळूरामने मला ओढून नाचवलं, मीही नाचलो. आता पाच वर्षं ते युरो फेडायचेत. रुपया सावरावा म्हणून देवाला नवससुद्धा बोललोय... फक्त तो फेडणार रुपयात, एवढं देवाला आधीच सांगून ठेवलंय.