आईच्या तव्याला चरबी

लुटीबाई बर्मिंगहॅमच्या बसने दवाखान्यात निघाल्या होत्या. पुढच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या.

"व्हर्नीस, डब्यात काय ग?"

"चरबी. म्युझियमला चाललेय. आमच्या एझेलने लाकूड आणि भंगार जोडून माझ्या आईचा पुतळा केला होता ना, तो त्यांनी नेला. तोंडाच्या जागी तिचाच बिडाचा तवा आहे."

"एझेलला ना कलेची शाळा, ना गुरू. तुझ्या नवऱ्याला सासूच्या तोंडाला दुसरं काही सापडलं नाही?"

"हसू नकोस. साठ वर्षं तिने त्यात मक्याची भाकरी भाजली, साबण कधी लावला नाही, गंजू नये म्हणून चरबीच चोळली. आता गालावर गंज चढलाय."

"मग त्यांना सांग की."

"सांगितलं. म्हणाले, कलाकृतीला हात लावायचा नाही. जुना राखणदार मी आले की भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. आजपासून नवा आहे."

"आणि त्याने पकडलं तर?"

"पकडू दे. आईला अशीच गंजू देऊ?"

दवाखान्याचा थांबा आला आणि गेला. लुटीबाईंनी मागून व्हर्नीसच्या खांद्यावर हात ठेवला.

"पोरी, मला चक्कर फार छान येते. त्या राखणदारासमोर येऊन पडू का?"