हँडल हलकं लागत होतं

हॅलो? … हॅलो, आई? अगं मीच. … नाही, माझा फोन बाहेर ठेवलाय, स्क्रीनचा उजेड पडेल ना. हा कारखान्यातला, भिंतीवरचा जुना. अंधारात बटणं चाचपून लावला. दोनदा भलत्याच माणसाला लागला.

… स्टोअररूममध्ये. मोज्यांच्या खोक्यांमागे. … खिडकी नाही. दाराखालच्या फटीत पोती कोंबलीत.

हो, हो… अगं ऐक ना! तुझा कॅमेरा अडकलाय. सातव्या फोटोनंतर हँडल पुढेच जाईना. … नाही गं, जोर नाही लावला. … बरं, थोडा लावला.

… ग्रूप फोटोच तर काढत होते! सातही तेच. चौऱ्याऐंशी माणसं, पायऱ्यांवर. मावशी पहिल्या रांगेत, मधोमध. एकतीस वर्षं पॅकिंगला काढली, ती कशाला कडेला बसेल? … आणि आता सगळी घरी चाललीत. कायमची. कारखाना उद्यापासून बंदच. दोन बस गेटात उभ्या आहेत. म्हणून म्हणते, या रोलला काही झालं तर…

… तू प्लास्टरमधला पाय घेऊन येणारेस का? मग बसल्या जागेवरून सांग.

कोण? नाही, काका, दार उघडू नका! उजेड आला तर सगळं जाईल! पाच मिनिटं! … वॉचमनकाका गं. त्यांना कुलूप लावायचंय.

हां, बोल. … कॅमेऱ्याची पाठ उघडू? नक्की? … उघडली. बाई गं, आपलाच श्वास केवढा ऐकू येतो इथे.

… सांगितलं ना, अडकलं. … त्याआधी? त्याआधी फिरत होतं. … म्हणजे… हलकं. हलकं लागत होतं. … तिसऱ्या फोटोपासून. … नाही. पहिल्यापासून.

… माहीत होतं गं! तूच शिकवलंस ना, फिल्म ओढली जात असली की हँडल जड लागतं. पण सगळी माझ्याकडे बघत होती, आई. कुणी केस सारखे करतंय, कुणी रडू आवरतंय. त्यांना कसं सांगू, थांबा, माझं काहीतरी चुकलंय? मी आपली "हसा, हसा" करत राहिले.

… ओरडू नकोस. … बरं. वरचं रीळ. चाचपते. … उघडंच आहे. नुसतं प्लास्टिक. फिल्मवरचा कागद चुरगळून कडेच्या चाकात घुसलाय. … खालचं? जाड आहे. भरलं होतं तसंच.

… म्हणजे? … म्हणजे फिल्म सरकलीच नाही. एकही… एकसुद्धा नाही?

… परत चाचपते. हो, सगळी खालीच.

… हॉर्न ऐकलास? पहिली बस निघाली.

… काय म्हणालीस? दार उघडलं तरी चालेल? … हां, फिल्म अजून कागदातच गुंडाळलेली. मग मी अर्धा तास या भोकात कशाची राखण करत होते गं?

… हो, कळलं. कोरी आहे, पूर्ण बारा फोटोंची. कागद चाकातून हळूच काढायचा, टोक सरळ करायचं, वरच्या रिळाच्या खाचेत घालून दोन वेढे घट्ट… आई, नको ना. मी सांगते, फोटो धुताना बिघडले म्हणून. कुणाला कळणार? … मला कळेल, हो. … सगळ्यांसमोर? तुला बोलायला सोपं गं!

… उघडते. पोती काढते. … बापरे, केवढं ऊन! गेट समोरच दिसतंय. काका, सरका जरा. अहो, ती दुसरी बस थांबवा! थांबा! फोटो आले नाहीत! … नाही, कॅमेऱ्याची नाही, माझी चूक! एकही आला नाही!

… आई, आहेस ना? सगळी खिडक्यांतून नुसती बघताहेत. … थांब. मावशी उठली. ड्रायव्हरवर खेकसतेय. … गाडी बंद केली गं त्याने!

… नाही, विणकामवाली सगळी पहिल्या बसने गेली. निम्मीच उरलीत. … हो, जेवढी आहेत तेवढी.

उतरताहेत. मावशी सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं करतेय, मला शिव्या घालत. … अगं, तुलाही घालतेय! … ठेवते, आई. रोल भरायचाय.