फुलीवर धरलेला तारा

ठिकाण पोलीस चौकी, सोलापूर शहर. ता. १७ ऑगस्ट १९३६, सोमवार, सकाळी साडेदहा.

नाव शिवलिंगप्पा ईरप्पा हत्तुरे. वय ४७. धंदा ड्रॉइंग मास्तर. राहणार शुक्रवार पेठ.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी शिवबाई हिच्यासह राहतो. मला आकाश पाहण्याचा नाद आहे. घराच्या माळवदावर माझी दुर्बीण असते. तिचा सहा इंची आरसा मी अकरा महिने हाताने घासून तयार केला. त्या काळात माझा मित्र कल्लप्पा मेंगाणे, धंदा फोटोग्राफर, रोज संध्याकाळी येऊन चहा पीत असे. त्याला सप्तर्षी मी दाखवले. त्यापूर्वी तो वर बघत असे तो फक्त पाऊस येतो का एवढ्यासाठी.

गेल्या साली माझ्या दुर्बिणीतून त्याने काढलेला चंद्राचा फोटो एका साप्ताहिकात आला. खाली 'आमचे खगोलवेत्ते श्री. कल्लप्पा मेंगाणे' असे होते. शिवबाई म्हणाली, "कल्लप्पाभावजींचं नाव आलंय की. तुमचं कुठल्या पानावर आहे?" ते साप्ताहिक घेणे मी बंद केले, ते वेगळ्या कारणासाठी.

ता. ८ रोजी रात्री आठ वाजता धूमकेतूचा फोटो घेण्यासाठी तो माळवदावर आला. कॅमेरा माझ्या दुर्बिणीच्या पाठीवर बांधला. अशा वेळी, जिच्यावर फोटो उमटतो ती कॅमेऱ्यातली काच चाळीस मिनिटे उघडी ठेवावी लागते. तेवढा वेळ एकाने दुर्बिणीला डोळा लावून, आतल्या दोन धाग्यांच्या फुलीवर धूमकेतू धरून, चाक केसाकेसाने फिरवायचे असते. धूमकेतू ताऱ्यांतून सरकत असतो. फुलीवर तो धरला तर फोटोत तो स्वच्छ येतो आणि ताऱ्यांच्या रेघा होतात. तारा धरला तर तारे टिंबासारखे येतात आणि धूमकेतू पुसट पसरतो. हे कल्लप्पास मी दोनदा सांगितले होते. दोन्ही वेळा तो चहा पीत होता.

कॅमेऱ्याची टोपी काढण्यापूर्वी त्याने छापील पत्रिका दाखवली. ता. १६ रोजी वाचनालयात तो पडद्यावर धूमकेतू दाखवणार होता. पत्रिकेत त्याचे नाव दोनदा होते. मी विचारले, "आणि माझं?"

तो म्हणाला, "मास्तर, तुमचं काय त्यात? नुसतं चाक फिरवायचं की! धरा नीट."

मी चाळीस मिनिटे धरले.

दुसऱ्या दिवशी तो काच घेऊन आला. म्हणाला, "मास्तर, शेपूट बघा! लई मोठं आलंय." मी बघितले. मोठे आहे असे मी म्हणालो. जास्त काही बोललो नाही, कारण त्याने विचारले नाही.

काल पाच वाजता वाचनालयात खुर्च्या भरल्या होत्या. मी मागे उभा होतो. चित्र पडद्यावर आल्यावर पुण्याचे एक पेन्शनर गृहस्थ उठून म्हणाले, "अहो मेंगाणे, तारे उत्तम आलेत. धूमकेतू कुणी पुसला?" लोक हसले. ते म्हणाले, "दुर्बिणीवर जो होता त्याने धूमकेतू सोडून तारा धरलाय." कल्लप्पाने सगळ्या खुर्च्यांवरून माझ्याकडे पाहिले. मी पडद्याकडे पाहत होतो. तारे खरोखर उत्तम आले होते.

सात वाजता तो माझ्या माळवदावर चढला. "शिवलिंग्या, एवढंच सांगायचं होतं की, माझंबी नाव घाल म्हणून!" असे ओरडून त्याने दुर्बीण खाली अंगणात लोटली. आरशाचे तीन तुकडे झाले. त्यानंतर तो जिन्यात बसून रडला. शिवबाईने त्याला पाणी दिले. मला दिले नाही. आरसा फोडल्याबद्दल माझी त्याच्याविरुद्ध फिर्याद आहे.

जमादारांनी विचारल्यावरून सांगतो की, आमचे पूर्वी कधी भांडण नाही. मला त्याचा हेवा वाटत नाही.

लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले. त्यात 'अंधारात दुर्बीण चुकून ढळली' असे वाक्य जमादारांनी माझ्या भल्यासाठी घातले होते. तसे राहिले तर फिर्यादीला बळ येईल, नाहीतर प्रकरण माझ्यावरच उलटेल, असे त्यांनी दोनदा समजावले. ते वाक्य मी खोडायला लावले. दुर्बीण ढळली नाही. चाळीस मिनिटांत तारा फुलीवरून केसभरही हलला नाही, काच मागवून पाहावी. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.

सही, शि. ई. हत्तुरे