आन-आनला हक्का येते

…नाही, ते पाकीट तिथून हलणार नाही. फोटोत येत असेल तर येऊ दे. अहो लो साहेब, तुम्ही तैपेईत शिकलात, महापौरांच्या कचेरीत बसता, सगळं मान्य — पण या बेटावर एक तरी सर्व्हर दाखवा मला, ज्याच्या डोक्यावर हा खाऊचा पुडा नाही. बँकेत आहे, इस्पितळात आहे. पुड्याचं नावच 'शहाण्यासारखं वाग' — आणि तो हिरवाच लागतो, दुसऱ्या रंगाचा ठेवला की यंत्र बिघडतं. आता हिरवा समोरच्या पक्षाचा रंग आहे, त्याला मी काय करू? निवडणूक तुमच्या महापौरांची आहे, यंत्राची नाही. काय? तुमच्या पक्षाचा निळा ठेवा म्हणता? तुम्ही तर कमालच करता.

हसा, हसा. बाईचा एआयवर विश्वास नाही आणि खाऊच्या पुड्यावर आहे — हेच आलं ना मनात? आहेच. का ते सांगू? पुडा गप्प बसतो. मला सगळं समजतं, असं तो कुणाला सांगत फिरत नाही. तुमची ती हेल्पलाइनवर फोन उचलणारी आन-आन — 'एकट्या वृद्धांची लाडकी नात', पोस्टरवर तुम्हीच छापलंय ना — तिला 'मला कळलं नाही' एवढंच तेवढं म्हणता येत नाही. मी अर्धं आयुष्य प्रोग्राम लिहिण्यात घालवलंय, साहेब. ज्याला अडल्यावर अडलं म्हणता येत नाही, त्याच्या हातात मी घराची किल्ली देणार नाही, म्हातारी माणसं तर लांबच राहिली.

आणि तिला बनवणाऱ्या कंपनीची ती पोरं — पांढरे बूट, उभ्या उभ्या मीटिंग, छातीवर छापलेलं 'लवकर चुका, भरपूर चुका'. वाचलंत ना तुम्हीही? चुका की, खुशाल चुका, पण चुकायचं आपल्या घरात. आन-आन आधी फक्त डोंगरातल्या गावांत चालू केली ना, त्या सुरुवातीच्याच दिवसांतली गोष्ट सांगते. वरच्या गावातल्या लिउ आजी स्वयंपाकघरात पडल्या. फोन खिशात होता म्हणून हेल्पलाइनला लावला आणि हक्कात म्हणाल्या, अगं, मला उठवत नाही. त्यांना दुसरी भाषा येतेय कुठे? आन-आनला काय ऐकू आलं कुणास ठाऊक. म्हणाली, वा आजी, झोप तब्येतीला चांगली. आणि गाणं लावलं. रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे, मी तेव्हा एकदाच ऐकलं, परत लावायची हिंमत नाही झाली. शेजारीण चहा कुटायचा खल मागायला आली म्हणून आजी वाचल्या. मी मीटिंगमध्ये सांगितलं, तर तो पोरगा म्हणतो, चांगली माहिती मिळाली, यातून ती शिकेल. शिकेल म्हणे. कुणाच्या जिवावर शिकेल?

आकडे? माहीत आहेत की मला आकडे. त्यानंतर डोंगरातल्या गावांतून एक तक्रार नाही, लोक शहरापेक्षा जास्त खूश, म्हणून तर उद्या सगळ्या शहराला आन-आन लागू होणार आणि फोनवर बसणाऱ्या आपल्या पाच बायका घरी जाणार. आहेत ना खूश, मी कुठे नाही म्हणते? का नसतील? श्यू आजींच्या गुडघ्याला कुठला पाला बांधायचा, सुनेनं पुन्हा मुळा जास्त खारवला का, हे सगळं मी रोज…

चहा घ्या. गार होतोय.

नाही, काही नाही म्हणाले मी. — असं बघू नका. बरं, आता निघालंच आहे तोंडातून तर ऐका. हात दाखवून अवलक्षण ते हेच. आन-आन तोंडानं कबूल करत नाही, पण तिला दोनदा कळलं नाही की आत नोंद होते आणि फोन माझ्याकडे येतो; मी नाही उचलला तर परत तिच्याकडे. लिउ आजींच्या प्रकारानंतर मी तशी सोय करून ठेवली. जेवताना येतो, बाजारात येतो. मी म्हणते, बोला आजी, मी आन-आन. एकदा सर्दी झाली होती मला, तर श्यू आजी काळजीनं विचारतात, यंत्रालाही आलं पाजतात का गं? कंपनी म्हणते, यंत्र हक्का शिकलं. यंत्र नाही शिकलं. माझ्या आईनं मला शिकवली होती, ती मी बोलतेय.

फसवणूक म्हणता? असेल. मला वाटलं होतं, कुणीतरी विचारेल, हे एवढं नीट कसं चाललंय? तुमच्या कचेरीतल्या एका माणसानं विचारलं असतं ना, मी त्याच मिनिटाला सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही. चांगल्या आकड्याला कोण विचारतं? आणि माझ्या त्या आकड्यावर आता पाच बायकांची नोकरी जाणार, सगळ्या शहरातले म्हातारे त्या गाण्याच्या हवाली होणार. एकटी मी किती फोन घेऊ? लाज वाटते मला, साहेब. झोप लागत नाही.

आत्ता कुठे घाम फुटला तुम्हाला. उद्या महापौर मांडवात, कॅमेऱ्यांसमोर, आन-आनला हक्कात फोन लावणार — बरोबर ना? वाक्यं मीच पाठ करून घेतली त्यांच्याकडून. मतांसाठी का होईना, उच्चार बरे करतात. काय म्हणता, मी उद्या बरं नाही म्हणून घरी राहावं? फोन जवळ घेऊन? वा. मघाशी तर छातीला फुलाचा बिल्ला लावून व्यासपीठावर हवी होते मी, शहराची कर्तबगार कन्या म्हणून. झाकली मूठ झाकलीच ठेवायची, आणि तीही माझ्या हातानं.

नाही. मी येणार. नोकरी जाईल, माहीत आहे, भीतीही वाटते, नाही असं नाही. पण महापौरांच्या अगदी शेजारी उभी राहणार, आणि फोन इथे टेबलावर ठेवून येणार. त्यांनी हक्कात विचारावं आणि आन-आननं उत्तर द्यावं. सगळ्या गावाला ऐकू दे काय देते ते. जाऊन सांगायचं असेल महापौरांना तर सांगा, कार्यक्रम रद्द करा, मला दोन्ही चालेल.

थांबा, वाजतोय. श्यू आजी असतील, दुपारची डुलकी झाली की करतात. तुम्ही निघा आता. उभं राहून ऐकायचं नाही, त्यांचं घरातलं असतं ते. आणि जाताना दार ओढून घ्या.